डिसेंबरातला उष्माघात

"मॅडम, कूलर कुठं उतरवायचे?"

ट्रकच्या ड्रायव्हरनं खिडकीतून मुंडकं बाहेर काढून विचारलं. त्याच्या डोक्याला मफलर, अंगात दोन स्वेटर, आणि तोंडातून वाफ निघत होती. मी कॅज्युअल्टीच्या दारात शाल गुंडाळून उभी होते. डिसेंबरचे दिवस. सावरटेकची थंडी ज्यानं भोगली त्यालाच माहीत. सकाळी नळाखाली हात धरला तर बोटं आपली वाटत नाहीत.

"कसले कूलर?"

"सहा मोठे कूलर, बर्फाची पेटी, पंखे, पांढऱ्या टोप्यांची दोन खोकी आणि एक बोर्ड." त्यानं कागदावरून वाचून दाखवलं. "ग्रामीण रुग्णालय, सावरटेक. हेच ना?"

मी म्हटलं, हेच बाबा. तेवढ्यात आमचे डॉक्टर लोहगावकर कानटोपी सावरत बाहेर आले. दवाखान्याचे अधीक्षक, आणि तेव्हा एकटेच डॉक्टर. माणूस देवभोळा, पेशंटचं कधी वाईट चिंतणार नाही, पण भांडण दिसलं की बाथरूमला लागायची त्यांना. बोर्डावरचा कागद त्यांनीच फाडला. आत निळ्या अक्षरात लिहिलेलं होतं, 'आदर्श उष्माघात उपचार कक्ष'.

"सर, हे काय आहे?"

"सिस्टर, सकाळी सकाळी वाद नको," ते म्हणाले. "उष्माघातात आपलं रुग्णालय राज्यात पहिलं आलंय. साठ्ये साहेब येतायत दुपारी उद्घाटनाला."

राज्यात पहिलं! उन्हाळ्यात ठीक आहे, पण आमच्याकडं दिवाळीनंतरही माणसाला ऊन लागायचं, संक्रांतीलाही लागायचं. रजिस्टरात तसं लिहिलेलंच होतं. कुणी लिहिलं आणि का लिहिलं हे डॉक्टरांना माहीत होतं, मला माहीत होतं, दवाखान्यातल्या मांजरालासुद्धा माहीत होतं.

आमचं सावरटेक म्हणजे बाजार समितीचं गाव. सोयाबीनची आवक सुरू झाली की यार्डात पाय ठेवायला जागा नसते. पोती उचलणारे शेकड्यांनी हमाल. शंभर किलोचं पोतं पाठीवर, दिवसभर. पाठ तर माणसाचीच, ती किती सोसणार? मग यार्डाच्या मागच्या मेडिकलमधून हिरव्या-पिवळ्या कॅप्सूल यायच्या. दुखण्यावरच्या, अफूच्याच जातीच्या. चिठ्ठी-बिठ्ठी कोण मागतंय! हमाल त्यांना 'पोपट' म्हणायचे. पोपट खाल्ला की पोतं कापसाचं होतं, असं सांगायचे. आधी सकाळी एक, मग दुपारी एक, मग मूठभर. आणि एखाद्या दिवशी माणूस पोत्यांच्या थप्पीला टेकून बसायचा तो उठायचाच नाही. ओठ निळे, श्वास मोजून मापून.

तशातले काही आमच्याकडं यायचे. आता असा पेशंट आला की नशेची केस म्हणून पोलिसांना कळवायचं असतं. पोलीस आले की बाजार समितीला कळणार, आणि समितीला कळलं की हमालाचा बिल्ला जप्त. बिल्ला म्हणजे पितळेचा नंबर, छातीला लावायचा. तो नसला तर यार्डाच्या फाटकातून आत घेत नाहीत. म्हणून डॉक्टर लोहगावकर दया येऊन लिहायचे, 'ऊन लागले'. एकदा लिहिलं, दोनदा लिहिलं, मग ती रीतच पडली. हमालही पेशंटला आणतानाच सांगायचे, "साहेब, ऊन लागलंय." बाहेर पाऊस पडत असला तरी.

आणि त्याच साली सरकारनं योजना काढली होती. गोळ्यांच्या अतिसेवनानं माणसं मरतात, ती वाचवायची. जिथं केसेस जास्त तिथं पैसा जास्त. जागं करणारं इंजेक्शन, सवय सोडवायची औषधं, समुपदेशक, सगळं फुकट. फक्त आकडे दाखवा. मी त्या जागं करणाऱ्या, नॅलोक्सोनच्या इंजेक्शनसाठी मागणीपत्र पाठवलं. ते परत आलं. त्यावर शेरा होता, 'अतिसेवनाची प्रकरणे निरंक. सबब मागणी अमान्य.' पुन्हा पाठवलं, पुन्हा तेच. आणि आता दारात सहा कूलर. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात ते हेच.

"सर, आज साठ्ये साहेबांना खरं सांगा," मी म्हटलं.

"काय सांगू? मी खोटं लिहीत होतो म्हणून? पेन्शनला तीन वर्षं राहिलीत सिस्टर माझी."

"मग मी सांगते."

"सांगा. पण त्या हमालांना विचारून सांगा. बिल्ले त्यांचे जाणार आहेत, तुमचा पगार नाही जाणार."

ते मात्र खरं होतं. आणि विचारायचं कुणाला, तर त्या हमालांचा मुकादम माझाच सख्खा धाकटा भाऊ होता.

ट्रक उतरवायला टोळी आली तीही त्याचीच. रावसाहेब त्याचं नाव. आमच्या बापानं हमाली करता करता मोठ्या हौसेनं ठेवलं होतं, पोरानं तरी साहेब व्हावं म्हणून. झाला मुकादम. आम्ही दोघं त्याच यार्डात वाढलो. मी शिकून नर्स झाले, त्यानं बापाचा बिल्ला लावला.

"आक्का, ह्ये काय आणलंय? थंडीत कूलर?" तो हसायला लागला. "सरकारचं डोकं फिरलं का?"

"सरकारचं नाही, तुझं फिरलंय. इकडं ये."

त्याला मी औषधाच्या खोलीत नेलं. चेहरा सुजलेला, डोळ्यांत झापड. पहाटेपासून यार्डात गाड्या भरून आला होता आणि आता हा ट्रक वरकड. माझ्यासमोरच त्यानं खिशातून पुडी काढून तोंडात टाकली आणि पाणी न पिता गिळली.

"किती घेतल्यास?"

"दोन."

"खोटं बोलू नको राव्या."

"चार. पाठ धरलीय गं. एवढे कूलर उतरवले की आज घरी जाऊन झोपतो."

"हे बघ, आज मुंबईचा साहेब येतोय. त्याला सांग, ही उन्हाची माणसं नाहीत, गोळ्यांची आहेत. तू मुकादम आहेस. तू बोललास तर बाकीचे बोलतील. एकदा का आकडा गेला की इंजेक्शन येईल, उपचार येईल. तुझंही सुटेल हे."

"आणि बिल्ले?"

"बघू की."

"काय बघू?" तो एकदम चिडला. "टोळीत बावीस जण हायत. त्यांची पोरं कुणी जगवायची, तू? बिल्ला गेला तर काय तुझ्या दवाखान्यात झाडू मारू? तुला महिन्याला पगार येतोय, तुला बोलायला काय जातंय!"

"हिरामण गेला तेव्हाही तू हेच म्हणालास."

हिरामणचं नाव काढल्यावर त्यानं पुडीचा कागद चुरगाळून खिशात कोंबला. हिरामण त्याच्या टोळीतला, शेवंताचा, म्हणजे माझ्या भावजयीचा, मावसभाऊ. चोविशीचा पोरगा. मागल्या संक्रांतीला यार्डात पडला. रावसाहेबनं त्याला पाठीवर घेऊन पळत आणला होता. माझ्या हातावर गेला तो. रजिस्टरात लिहिलं, उष्माघात. संक्रांतीला.

"त्याचं नशीब," रावसाहेब पुटपुटला आणि खोलीबाहेर निघून गेला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नशीब म्हणे! दगडावर डोकं आपटलं तर निदान दगडाला रक्त तरी लागतं.

दुपारी साठ्ये आले. तिशी-बत्तिशीचा, चष्मा लावलेला, बोलायला गोड माणूस. राज्याच्या आकडेवारी कक्षात सल्लागार. नवं स्वेटर, हातात लॅपटॉप. चहा यायच्या आत त्यांनी तो उघडला आणि आम्हाला रेघा दाखवल्या.

"हे बघा, हे सावरटेक. पूर्ण राज्यात हा एकच तालुका आहे, जिथे बाराही महिने उष्माघात आहे. मंत्रालयात सगळे थक्क झाले."

"मीही थक्कच आहे साहेब," मी म्हटलं. "जानेवारीत एवढं ऊन कुठून आलं, विचारलं नाही कुणी?"

"विचारलं ना! त्यावर तर आमची खास टिपणी आहे." त्यांनी चष्मा वर ढकलला. "हवामान बदल."

डॉक्टर लोहगावकर खिडकीबाहेर बघायला लागले. मी डोक्याला हात लावला.

"साहेब, हे ऊन नाही. ही गोळ्या खाऊन पडलेली माणसं आहेत. हमाल."

"अतिसेवन? नाही हो सिस्टर, तुमच्याकडे ते शून्य आहे." लगेच दुसरी रेघ उघडून दाखवली. रेघ कसली, आडवी काडी. "उलट त्यात तुमचं कौतुक आहे."

"शून्य आहे कारण आम्ही लिहीत नाही."

"का लिहीत नाही?"

मी डॉक्टरांकडं पाहिलं. डॉक्टरांनी चहाचा कप तोंडाला लावला. मी दाराकडं पाहिलं. दारात रावसाहेब कूलरचं खोकं पाठीवर घेऊन उभा होता, वाकलेला, आणि माझ्याकडं असा बघत होता की मी चहाचा दुसरा कप साहेबांपुढं सरकवला. बावीस बिल्ले. माझ्या बापाचाही एक त्यातच.

"सिस्टर, तुमची तळमळ मला कळते," साठ्ये म्हणाले, "पण निधी आकड्यांवर मिळतो, तळमळीवर नाही. पोर्टलवर जे नाही ते आमच्यासाठी नाही. तुम्ही नोंद करा, आम्ही देऊ. इतकं सोपं आहे."

इतकं सोपं! मनात आलं, या बाबाला उचलून यार्डात नेऊन एक दिवस पोती वाहायला लावावं, मग विचारावं सोपं म्हणजे काय.

तीनच्या सुमाराला फीत कापली. नारळ फोडला. सरपंच, बाजार समितीचे सचिव बोरीकर, दोन पत्रकार, सगळे त्या खोलीत कोंबलेले. बोरीकर म्हणजे बिल्ले देणारा आणि काढून घेणारा माणूस. साठ्येंनी सगळ्यांना पांढऱ्या टोप्या वाटल्या. लोकांनी त्या मफलरवर चढवल्या. मग कुणाच्या तरी अंगात आलं आणि सहाच्या सहा कूलर सुरू केले. बाहेर आधीच हुडहुडी, त्यात आत हा वारा! सरपंचांचे दात वाजायला लागले, पण फोटो व्हायचा होता म्हणून सगळे हसत उभे.

शेवटचं, टोप्यांचं दुसरं खोकं रावसाहेबच्या पाठीवर होतं. हलकंच ते. आत येऊन त्यानं ते ठेवलं, भिंतीला टेकला आणि खोक्यावर बसला. मान छातीवर पडली.

"अरे, याला ऊन लागलं!" कुणीतरी ओरडलं.

आणि देवाशपथ सांगते, लोक हसले. पत्रकार म्हणाला, "वा, पहिला लाभार्थी!" दोघांनी त्याला उचलून नव्या कॉटवर टाकलं, कूलर त्याच्याकडं फिरवला, एकानं बर्फाच्या पेटीतलं पाणी त्याच्या कपाळावर मारलं. साठ्ये स्वतः ओला टॉवेल त्याच्या छातीवर ठेवायला पुढं झाले. बोर्डावर उष्माघात लिहिलेलं होतं ना, मग सगळ्यांना तो उष्माघातच दिसत होता.

मी माणसं ढकलत आत घुसले. ओठ जांभळे. पापणी उघडली; बाहुली टाचणीच्या टोकाएवढी. छातीवर हात ठेवून वाट बघितली. श्वास येतोय का, येतोय का, आला. मग पुन्हा नाहीच.

"बंद करा ते कूलर!" मी किंचाळले. "मारताय का त्याला? सर, श्वास थांबतोय! बॅग आणा!"

डॉक्टर लोहगावकरांचा कप कुठं गेला, कानटोपी कुठं गेली कुणास ठाऊक. धावत आले, तोंडावर मास्क लावला आणि अंबू बॅग दाबायला लागले. ती रबरी पिशवी दाबायची, तेवढीच हवा माणसाच्या छातीत जाते. सोडली की संपलं.

"इंजेक्शन?" त्यांनी विचारलं, आणि विचारल्या विचारल्या त्यांना आठवलं. त्यांचा चेहरा मी अजून विसरले नाही.

"निरंक आहे सर," मी म्हटलं.

जिल्ह्याच्या दवाखान्यात इंजेक्शन होतं. तिथं जायला तास-सव्वा तास. एकशे आठची गाडी दुसऱ्या गावी गेलेली. आमची जुनी गाडी काढली. डॉक्टरांना निघता येईना, बाळंतपणाच्या खोलीत एक बाई अडलेली होती. मी एकटी किती वेळ बॅग दाबणार? हात भरून आले की बदली माणूस पाहिजे. मी त्या टोप्या घातलेल्या गर्दीकडं पाहिलं. सरपंच मागं सरकले, बोरीकरांना फोन आला.

"मी येतो," साठ्ये म्हणाले आणि गाडीत चढले. डोक्यावरची टोपी काढायचीही शुद्ध नव्हती त्यांना.

त्या रस्त्याला रस्ता म्हणणं म्हणजे रस्त्याचा अपमान. गाडी आदळली की बॅग सुटायची, मी पुन्हा दाबून धरायची. "एक दाबा, सोडा, थांबा. पुन्हा दाबा," मी साठ्येंना शिकवलं. माणूस शिकला पटकन. पण अर्ध्या वाटेत त्यांची बोटं आखडली.

"सिस्टर, हात वळत नाहीये."

"दुसऱ्या हातानं दाबा. माझा भाऊ आहे तो."

त्यांनी दचकून माझ्याकडं पाहिलं. हात बदलला. बऱ्याच वेळानं म्हणाले, "हे इंजेक्शन तुमच्या दवाखान्यात का नाही?"

मला हसावं की रडावं कळेना. "मला काय विचारता? तुमच्या लॅपटॉपला विचारा! दोनदा मागितलं मी. तुम्ही कूलर पाठवले!"

त्यानंतर जिल्हा येईपर्यंत आम्ही आळीपाळीनं बॅग दाबत राहिलो. मी मनातल्या मनात राव्याला शिव्या घालत होते. मर नुसता तू, मग बघते तुझ्याकडं, असं काहीबाही म्हणत होते.

जिल्ह्याच्या दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी डोळे बघितले, कपाटातून एक इवलीशी बाटली काढली आणि इंजेक्शन दिलं. मी उभी. साठ्ये उभे. थोड्या वेळानं रावसाहेबनं एक मोठा श्वास घेतला, मग दुसरा, मग खोकला, आणि डोळे उघडून त्यानं पहिलं काय केलं तर शिवी दिली. "कुणी उठवलं रे?"

खाली फरशीवर बसले मी. एवढंसं औषध. करंगळीएवढं. हिरामणसाठी आम्ही तासभर काय काय केलं होतं, आणि पाहिजे होतं ते हे एवढंसं.

"काय झालं होतं?" डॉक्टरीणबाईंनी पेन काढून विचारलं. "नोंद करायची आहे."

रावसाहेबनं कोरड्या ओठांवरून जीभ फिरवली. "ऊन लागलं, बाई."

बाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर लोक शेकोटीभोवती बसलेले.

तेवढ्यात मागून टेम्पो करून शेवंता आली, टोळीतले चार-पाच जणही आले. शेवंता माझा हात धरून रडायला लागली. "वन्सं, वाचिवलंत हो तुम्ही. आता एवढं करा, ऊनच लिहा. बोरीकर तिथंच होते, त्यांचा माणूस इचारून गेलाय. बिल्ला गेला तर आम्ही खायचं काय?"

मग मात्र माझा बांध फुटला. "लिहा, ऊनच लिहा!" मी ओरडले. "डिसेंबरात ऊन लिहा, आखाडात ऊन लिहा! अजून सहा कूलर येतील. पुढच्या वेळी हा पडला की त्याला कूलरपुढं ठेवा आणि नारळ फोडा! थकले मी, विटले तुम्हाला सगळ्यांना. हा साहेब म्हणतो आकडा नाही, तुम्ही म्हणता आकडा देऊ नका, आणि मी मधे बसून माणसं मरताना बघायची! माझं काय दगडाचं काळीज आहे?"

वॉर्डातले पेशंट उठून बसले. रावसाहेब माझ्याकडं बघत होता. लहानपणी बाप मारायला लागला की असाच बघायचा.

"आक्का," तो हळूच म्हणाला, "ह्ये इंजेक्शन आपल्याकडं असतं, तर हिरामण?"

मी त्याच्या उशाची चादर सारखी करायला लागले.

"सांग की."

"तू त्याला आणलास तेव्हा त्याचा श्वास चालू होता राव्या. तुझ्यासारखाच. थोडा कमी, पण चालू होता."

शेवंताचं रडणं थांबलं. हिरामण तिच्याच मांडीवर खेळलेला. ती नवऱ्याकडं बघत राहिली आणि मग तिनं तोंड फिरवून पदर तोंडात धरला. तिनं पुन्हा ऊन लिहा म्हटलं नाही.

रावसाहेबनं छातीवर चाचपलं. बिल्ला होता तिथंच, ओल्या टॉवेलाखाली. पिन उघडायला त्याला वेळ लागला, कुणी मदत केली नाही. काढून त्यानं तो शेवंताच्या हातात दिला.

"बाई, लिवा," तो डॉक्टरीणबाईंना म्हणाला. "रावसाहेब मुकादम, हमाल. दुखण्याच्या गोळ्या खाऊन पडला. पाच वर्षं खातोय. आन मागल्या संक्रांतीला हिरामण गेला तोबी त्याच्यानंच गेला, त्ये कुठं लिवायचं त्ये ह्या साहेबाला इचारा."

साठ्ये कोपऱ्यात उभे होते, आखडलेली बोटं दुसऱ्या हातानं चोळत. डोक्यावर अजून ती पांढरी टोपी. "जुनी नोंद पोर्टलवर बदलता येत नाही," ते म्हणाले. मग स्वतःच्याच बोलण्याची लाज वाटल्यासारखे थांबले. "मी लिहितो. हातानं लिहितो."

पुढं काय झालं ते सांगते. बोरीकरांनी आठवड्याच्या आत रावसाहेबचा नंबर दुसऱ्याला दिला. बापापासूनचा नंबर. टोळीतले काही जण त्याच्या मागोमाग दवाखान्यात येऊन खरं सांगून गेले, काहींनी आम्हा दोघा भावंडांना भर चौकात शिव्या दिल्या. डॉक्टर लोहगावकरांनी त्या दिवसानंतर ऊन हा शब्द रजिस्टरात फक्त उन्हाळ्यात लिहिला. त्यांच्यावर चौकशी बसली, पेन्शन अडकली. ती सुटेपर्यंत माणूस वाकून गेला, पण मला कधी बोल लावला नाही. साठ्येंनी वर काय काय लिहिलं कुणास ठाऊक. त्यांना तिथून हलवलं असं नंतर कळलं. आणि रावसाहेब? जिल्ह्याला जाऊन जाऊन औषध घेत होता. अंग मोडून यायचं, रात्रंदिवस तळमळायचा, दोनदा तर पुन्हा पुडी आणली त्यानं. शेवंतानं दवाखान्याच्या फाटकाशी चहाची गाडी टाकली होती, तिथं तो कप विसळायचा. शंभर किलो उचलणारा माणूस कप विसळताना बघवायचा नाही.

दुसऱ्या वर्षीची थंडी आली. एक दिवस फाटकाशी छोटा टेम्पो थांबला. ड्रायव्हरनं विचारलं, "मॅडम, कूलर कुठं उतरवायचे?"

मी कपाळावर हात मारला. दोन कूलर होते. आधीच मंजूर झालेले, म्हणून आले. अशी ती योजना. मी त्या ड्रायव्हरला नाही नाही ते बोलणार, तेवढ्यात तो म्हणाला, "थांबा की, अजून एक हाय," आणि सीटखालून पुठ्ठ्याचं एक खोकं काढलं. चपलेच्या खोक्यापेक्षा लहान. वर इंजेक्शनचं नाव लिहिलेलं आणि आमच्या दवाखान्याचं.

माझ्या आधी रावसाहेबनं ते घेतलं. हात ओले होते, ते त्यानं लेंग्याला पुसले. हमाल माल घेताना आधी तळहातावर तोलून बघतात, तसं त्यानं बघितलं. पुन्हा तोलून बघितलं.

"ह्ये एवढंच?"

"एवढंच."

"किलोभर बी नाही की गं, आक्का."

"नाही."

त्यानं ते खोकं खांद्यावर घेतलं. मग तिथून मागं सरकवून पाठीवर घेतलं, दोन्ही हात मागं धरून, कमरेत वाकून. शंभर किलोचं पोतं न्यावं तसा तो एकेक पाऊल टाकत फाटकातून कॅज्युअल्टीकडं निघाला. शेवंता किटली हातात धरून बघत राहिली.

"अरे सरळ धर ना," मी मागून ओरडले. "काचेच्या बाटल्या आहेत त्यात, फोडशील!"

तो थांबला, पण सरळ झाला नाही.

"हिरामण लई जड होता," तो म्हणाला, आणि पुढं चालायला लागला.